राम राम, जोहार, गुड मॉर्निंग : पालघर-बोईसर पट्ट्यातील अभिवादनाचा आढावा

जगभरच्या अभिवादनांबद्दल लिहायचे म्हटले की एक ठरलेली यादी पुढे येते. जपानी माणूस कमरेत वाकतो, न्यूझीलंडमधले माओरी कपाळ आणि नाक एकमेकांना टेकवतात, थायलंडमध्ये हात जोडतात, फ्रान्समध्ये गालाला गाल लावतात. यादी खोटी नाही. मात्र समाज एक, त्याची रीत एक, आणि फरक दिसायचा तो सीमा ओलांडल्यावर, असे ती गृहीत धरते. पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूर पट्ट्यात हे गृहीतक फार काळ टिकत नाही. इथे वारली पाडे, मांगेला कोळ्यांची गावे, वाडवळ आणि भंडाऱ्यांच्या वाड्या, मुसलमान मोहल्ले, पारशी घरे, अणुवीज केंद्राची वसाहत आणि तारापूर औद्योगिक क्षेत्रात देशभरातून आलेले कामगार काही किलोमीटरांच्या आत राहतात. एकच माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत तीन-चार वेगवेगळी अभिवादने करतो आणि त्यात कधी चुकत नाही.

म्हणून या पट्ट्यापुरता प्रश्न असा मांडता येतो : अभिवादनातला फरक संस्कृतीचा असतो, पायरीचा असतो, की प्रसंगाचा? या प्रश्नावर अभ्यासक आणि चळवळी काय म्हणतात, त्यांचे कुठे जुळते आणि कुठे अडते, याचा हा आढावा आहे.

अभ्यासाची पार्श्वभूमी

अभिवादनाकडे विद्वानांचे लक्ष तसे उशिरा गेले. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये एक कल्पना मांडली. माणसे कित्येकदा काही सांगण्यासाठी बोलतच नाहीत, केवळ संबंध जागता ठेवण्यासाठी बोलतात, आणि कुशल विचारणे किंवा हवेबद्दल बोलणे त्यातच मोडते, असे त्याचे म्हणणे होते. शब्दांचा अर्थ येथे गौण ठरतो. पुढची काही दशके हीच समजूत प्रमाण मानली गेली.

१९७०च्या दशकात चित्र बदलले. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७१ मध्ये अभिवादनाला दोन माणसांमधले दार उघडण्या-लावण्याचा विधी म्हटले. रेमंड फर्थ यांनी १९७२ मध्ये भेटीइतकाच निरोपही महत्त्वाचा असल्याचे दाखवले. मराठी वाचकाला ते लगेच पटेल. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, आणि पाहुणा हे विसरला तर घरातली वडीलधारी बाई त्याला टोकते. त्याच वर्षी एस्थर गुडी यांनी उत्तर घानातल्या गोंजा लोकांवर लिहिले. तिथे ज्याच्याकडे काही मागायचे आहे त्याच्या दारी आधी नियमाने अभिवादनाला जावे लागते, म्हणजे अभिवादन ही मागण्याची पहिली पायरीच. ज्युडिथ अर्विन यांनी १९७४ मध्ये सेनेगलच्या वोलोफ लोकांविषयी आणखी पुढची गोष्ट नोंदवली. तिथे खालच्या मानल्या जाणाऱ्याने आधी आणि जास्त बोलायचे असते. पण वरच्या जागेसोबत देण्याची जबाबदारीही येते, त्यामुळे कित्येकजण मुद्दाम आधी बोलून खालची जागा पटकावतात.

मालिनोव्स्कींच्या मताला थेट आव्हान अलेस्सांद्रो दुरांती यांनी १९९७ मध्ये दिले. सामोआ बेटांवर वाटेत भेटलेल्याला ‘कुठे चाललास?’ असे विचारतात. हे पोकळ विचारणे नव्हे, विचारणाऱ्याला खरेच उत्तर हवे असते आणि ते मागण्याचा हक्क गावाने त्याला दिलेला असतो, असे दुरांतींनी सांगितले. पालघरच्या गावांतही ‘कुठं निघालास?’ आणि ‘जेवलास का?’ ही रोजची अभिवादने आहेत. त्यांत एक खास मराठी अडचण आहे. कामाला निघालेल्याला ‘कुठे’ असे विचारले तर काम अडते, अशी समजूत जुन्या माणसांत आहे. म्हणून जाणता माणूस ‘काय, लांब का?’ असे वळसा घालून विचारतो. शब्दांच्या अर्थाला काहीच वजन नसते, तर हा वळसा घ्यावा लागला नसता.

सौजन्याच्या सर्वसाधारण सिद्धांताबाबतही असाच मतभेद आहे. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांच्या मते सौजन्य म्हणजे समोरच्याचा मान न दुखावता आपला हेतू साधण्याची युक्ती, आणि ती जगभर सारखीच असते. साचिको इदे यांनी १९८९ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. जपानी माणूस युक्ती निवडत नाही, समाजाने नेमून दिलेली जागा ओळखून तसा वागतो, हे त्यांचे म्हणणे. मराठीत ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, याचा निर्णय बोलणारा नेहमी स्वतः घेतोच असे नाही. बऱ्याचदा तो त्याच्या जन्माआधीच झालेला असतो.

पायरी सांगणारे अभिवादन

महाराष्ट्रात अभिवादन आणि जात यांचा संबंध कागदोपत्री नोंदलेला आहे. ढोबळ चौकट अशी होती : ब्राह्मणांचा नमस्कार, मराठा सरदारांचा मुजरा, कुणब्यांचा रामराम, महारांचा जोहार. चौदाव्या शतकातल्या चोखामेळ्याच्या आणि पुढे एकनाथांच्या रचनांत ‘जोहार’ हा प्रकारच आहे. एकनाथ ब्राह्मण होते, तरी त्या रचना त्यांनी महाराच्या तोंडी घातल्या. कोणी कोणते अभिवादन करायचे हे ठरलेले होते, म्हणूनच त्या सोंगाला धार आली.

ही चौकट मोडू पाहणाऱ्यांना राज्यसत्तेनेही अडवले. दैवज्ञ सोनार आपसात ‘नमस्कार’ म्हणू लागले तेव्हा त्यावर वाद उसळला, आणि १७७९ मध्ये पेशवे दरबाराच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारने त्यांना तो शब्द वापरण्यास मनाई केली. तेव्हा तारापूर, केळवे, माहीम ही ठाणी चाळीस वर्षांपासून मराठी अमलात होती. ती चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसई मोहिमेत जिंकली गेली होती. म्हणजे ज्या राज्यातून ही मागणी आली, त्यातच हा पट्टा होता.

याच भूमीत पायरी मोडणारी रीतही रुजली. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, वय आणि जात न विचारता. एक वाकला की दुसराही वाकतो, आणि कोण वरचा हे ठरायला जागाच उरत नाही. डहाणू-विरार गाड्यांतल्या भजनी मंडळांत आजही ‘राम कृष्ण हरी’ने भेट होते आणि कारखान्यातला फोरमन हेल्परला ‘माऊली’ म्हणतो. गाडीतून उतरल्यावर दोघे पुन्हा ‘साहेब’ आणि ‘अरे’वर येतात, हेही तितकेच खरे.

डोंगर, किनारा, वसाहत

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११च्या जनगणनेनुसार या भागाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास होती आणि तीत एक तृतीयांशाहून अधिक लोक आदिवासी होते. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर, धोडिया, दुबळा या त्यांतल्या प्रमुख जमाती.

डोंगरपट्टीत अभिवादनाचा इतिहास वेठबिगारीपासून सुटा करता येत नाही. सावकाराची हाक आली की हातातले काम टाकून हजर व्हायचे, ही तिथली व्यवस्था होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वर्षानुवर्षे राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांचा उठाव झाला, आणि त्याची हकीगत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. तेव्हापासून तलासरी-डहाणूत ‘लाल सलाम’ हे भेटीचे अभिवादन आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या कष्टकरी संघटनेच्या गावांत ‘जिंदाबाद’ म्हणतात. मोर्चातली घोषणा पाड्यावर रोजचे कुशल विचारणे होऊन बसली. गेल्या काही वर्षांत ‘जोहार’ आणि ‘जय आदिवासी’ यांचा जोर वाढला आहे. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकांत, तारप्याच्या नाचात आणि तरुणांच्या समाजमाध्यमांवरच्या लिखाणात ते ठळक दिसते.

किनाऱ्यावरचा रंग निराळा. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या गावांत मांगेला आणि वैती मच्छीमारांची वस्ती आहे. पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवाराचे काम कोकण-गुजरातच्या मच्छीमार वस्त्यांत पसरले आणि त्याच्याबरोबर ‘जय योगेश्वर’ हे अभिवादनही आले. चिंचणी-तारापूरच्या मुसलमान मोहल्ल्यांत ‘अस्सलामु अलैकुम’ आहेच. त्यात आधी कोणी बोलायचे याचा नियम आहे : वाहनावरच्याने पायी चालणाऱ्याला, थोड्यांनी पुष्कळांना, लहानाने मोठ्याला. तारापूर, डहाणू, घोलवडच्या पारशांत ‘साहेबजी’, गुजराती व्यापाऱ्यांत ‘जय श्रीकृष्ण’, जैनांत ‘जय जिनेन्द्र’. आंबेडकरी वस्त्यांत ‘जय भीम’. दक्षिणेला वसईच्या कॅथलिक घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मुलांनी थोरांचा आशीर्वाद घेण्याची जुनी रीत आहे. दिवसभराच्या सगळ्या भेटींपेक्षा तिलाच तिथे अधिक मान असे.

वसाहतीचा थर सर्वांत नवा. तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यातले तंत्रज्ञ इथे राहायला आले. मागोमाग औद्योगिक क्षेत्रातले रसायन, औषध, पोलाद आणि कापडाचे कारखाने वाढले. बोईसरच्या भाड्याच्या खोल्यांत उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेले कामगार राहतात. त्यांच्यासोबत ‘प्रणाम’ आणि ‘पाय लागी’ आले. कारखान्याच्या दारात मात्र हे सारे बहुतेक मागे राहते. आत ‘गुड मॉर्निंग सर’, सुरक्षारक्षकाचा सॅल्यूट आणि बरोबरीच्यांत नुसती मान हलवणे. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आल्यावर मुंबईची घाईही आली, आणि घाईत अभिवादन आखडते.

संबोधनाचा प्रश्न इथेच येतो. मराठी दुकानदार गिऱ्हाइकाला दादा, ताई, मावशी, शेठ म्हणतो. हिंदी मुलखात ‘भैया’ हा आदराचा शब्द आहे, पण मुंबई-ठाणे-पालघर पट्ट्यात तो परप्रांतीयाला हिणवण्यासाठीही वापरला जातो. आदराने उच्चारलेला शब्द समोरच्याला बोचू शकतो. अशा वेळी ‘अहो’ किंवा ‘भाऊ’ म्हणून माणसे मार्ग काढतात.

तीन मतप्रवाह

या चित्राचा अर्थ लावताना तीन मते ठळकपणे पुढे येतात.

पहिले मत समाईक अभिवादनाचे. सार्वजनिक ठिकाणी, शाळेत, कचेरीत, कारखान्यात सगळ्यांना चालेल असे एकच अभिवादन असावे, म्हणजे अभिवादनावरून जात-धर्म ओळखला जाणार नाही. ‘नमस्कार’ किंवा ‘नमस्ते’ त्यासाठी सोयीचे मानले जाते. स्पर्श नाही, स्त्री-पुरुष भेद नाही, लहानथोर दोघांना चालते. यावर आक्षेप असा की ‘नमस्कार’ तटस्थ आहे हे कोणी ठरवले? १७७९ मध्ये तो एका जातीला नाकारला गेला होता. ज्यांना तो कधीच नाकारला गेला नाही, त्यांनाच तो सर्वांचा वाटतो.

दुसरे मत अस्मितेचे. ज्यांच्यावर झुकण्याची सक्ती होती, त्यांनी स्वतःचे अभिवादन घडवणे हा मानाचा प्रश्न आहे. ‘जय भीम’ हे याचे सर्वांत यशस्वी उदाहरण. ते रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. त्यांचे निधन १९३९ मध्ये झाले, म्हणजे हे अभिवादन बाबासाहेबांच्या हयातीतच रुजले. त्यात वरचा-खालचा नाही आणि उत्तरही तेच शब्द परत देते. ‘जिंदाबाद’ आणि ‘जोहार’ यांची बांधणी अशीच आहे. आक्षेप असा की प्रत्येक गटाचे वेगळे अभिवादन झाले की पहिल्याच शब्दात आपला-परका ठरतो. पाठीराख्यांचे उत्तर असे की ओळख लपवल्याने भेद नाहीसा होत नाही, तो फक्त दुबळ्याला गप्प करतो.

तिसरे मत प्रसंगाचे. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकापासून दाखवले आहे की माणसे समोरच्याजवळ जाण्यासाठी किंवा त्याच्यापासून अंतर राखण्यासाठी आपले बोलणे बदलतात. बोईसरचा रिक्षावाला मोहल्ल्यात ‘सलाम’, बाजारात ‘राम राम’ आणि अधिकाऱ्याला ‘नमस्कार साहेब’ म्हणतो, ते याच नियमाने. या मताप्रमाणे अभिवादनावर संस्कृतीचा शिक्का मारण्यात अर्थ नाही, पाहायचे ते नाते. त्याची कमकुवत बाजू अशी की बदलतो तो बहुधा दुबळाच. रिक्षावाला तीन अभिवादने जाणतो, अधिकाऱ्याला एक पुरते. ही विषमता ‘लवचीकता’ या शब्दाखाली झाकली जाते.

वादाची दोन प्रकरणे

पहिले प्रकरण ‘जोहार’चे. मध्ययुगीन मराठीत तो महारांवर लादलेल्या जागेची खूण होता आणि आंबेडकरी चळवळीने तो टाकला. आज पालघरचे आदिवासी तरुण तोच शब्द अभिमानाने उच्चारतात. त्यांच्या दृष्टीने ते निसर्गाला आणि पूर्वजांना केलेले वंदन आहे आणि देशभरच्या आदिवासींना जोडणारे सूत्रही. झारखंड, छत्तीसगड आणि पश्चिम ओडिशात जोहार-जुहार सर्रास चालतो, त्यामुळे तिकडून आलेल्या कामगाराला बोईसरमध्ये आपल्या ओळखीचा शब्द स्थानिकाच्या तोंडून ऐकू येऊ शकतो. काहींच्या मते हे बाहेरून आलेले नवे वळण आहे, पाड्यावरच्या जुन्या माणसांचे अभिवादन ‘राम राम’च होते. यावर कार्यकर्ते विचारतात की ‘राम राम’ तरी मूळचे कशावरून? एकच शब्द एका समाजाला ओझे आणि दुसऱ्याला आधार कसा होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी प्रदेशात सापडणे कठीण.

दुसरे प्रकरण सरकारी. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना दूरध्वनीवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचे आवाहन केले. सक्ती नव्हती. समर्थकांच्या मते परक्या, निरर्थक शब्दाच्या जागी देशाविषयीचा भाव जागवणारा शब्द आला. विरोधकांनी विचारले की अभिवादन शासनाने सुचवावे का. काही मुस्लिम संघटनांनी धार्मिक कारणाने हरकत घेतली, तर काँग्रेसने ‘जय बळीराजा’ पुढे केले. पोलीस दलात ‘जय हिंद’ आणि शिवसैनिकांत ‘जय महाराष्ट्र’ आधीपासून रूढ आहेत. पोलिसांतले शिस्तीने टिकले, शिवसैनिकांतले ओढीने. आवाहनाने आलेले अभिवादन या दोहोंत बसत नाही.

स्पर्शाचा प्रश्न

२०२० मध्ये करोनाच्या साथीने हस्तांदोलन जगभर थांबले. मार्चमध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी स्पेनच्या राजाराणीचे हात जोडून स्वागत केले, तेव्हा ‘नमस्ते’ जग जिंकणार असे भाकीत झाले. ते फारसे खरे ठरले नाही; साथ ओसरताच हात पुन्हा हातात आले. ज्या रीतीमागे नाते असते ती आरोग्याच्या कारणाने फार काळ दूर राहत नाही, एवढे यातून दिसते. पालघरच्या गावांत समवयस्क पुरुष हातात हात घेऊन बराच वेळ उभे राहतात, पण अनोळखी स्त्रीशी हस्तांदोलन करत नाहीत. औषध कंपन्यांच्या कचेऱ्यांत मुली हस्तांदोलन करतात आणि घरी आल्यावर सणाला वाकून नमस्कारही करतात. एका प्रसंगाची रीत दुसऱ्यात मिसळू द्यायची नाही, हे कौशल्य त्यांना कोणी शिकवलेले नसते.

काय सुटायचे राहिले

काही गोष्टींवर आता एकमत म्हणता येईल. अभिवादन पोकळ नसते. भेट आणि निरोप एकत्रच पाहायला हवेत. आणि आधी कोण बोलतो याला शब्दांइतकेच वजन आहे.

अनुत्तरित प्रश्न मात्र मोठे आहेत. चळवळीतून आलेले अभिवादन चळवळ मंदावल्यावर टिकते का? ‘जय भीम’ टिकले, कारण ते एका संघटनेपुरते न राहता जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी घरात शिरले. ‘जिंदाबाद’ आणि ‘जोहार’ तसे घरात शिरतील का, हे पुढच्या पिढीत कळेल. दुसरा प्रश्न स्त्रियांचा. आजवरची बहुतेक चर्चा चौकातल्या, मोर्चातल्या, कचेरीतल्या अभिवादनांची, म्हणजे मुख्यतः पुरुषांच्या भेटींची आहे. मासळी बाजारात, पाणवठ्यावर आणि कंपनीच्या बसमध्ये बायका एकमेकींना कशा भेटतात, त्याला या वादात अजून जागा मिळालेली नाही. तिसरा प्रश्न बोईसरमध्येच जन्मलेल्या, कामगारांच्या मुलांचा. ती घरात ‘प्रणाम’, शाळेत ‘नमस्ते मॅडम’ आणि मैदानावर ‘काय रे’ म्हणतात. त्यांचे अभिवादन आई-वडिलांच्या गावाचे मानायचे की या गावाचे?

संस्कृती, पायरी की प्रसंग, या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात मिळत नाही. शब्द बहुधा संस्कृती पुरवते, क्रम पायरी ठरवते आणि निवड प्रसंग करतो. या तिन्हींचे प्रमाण माणसामाणसागणिक बदलते. म्हणून देशवार याद्यांपेक्षा वेगळी नोंद आता हवी : कोणाला किती अभिवादने यावी लागतात आणि कोणाचे एकावर भागते. पालघरसारख्या जिल्ह्यात ही नोंद झाली, तर इथल्या रीतींबरोबर इथल्या सत्तेचाही नकाशा हाती येईल.